रुमालाखालचा अभिप्राय

बबनराव,

माझ्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत शुक्रवारी संपत होती. तुम्ही त्याआधीच्या मंगळवारी सकाळी, बाजारातल्या तुमच्या गाळ्यावर, कांद्याच्या थप्पीला टेकून बसल्या जागी गेलात. नोटीस मिळालेल्या माणसापुढे तीन मार्ग असतात. उत्तर द्यावे, मुदतवाढ मागावी, नाहीतर नोटीसच अमान्य करावी. चौथा मार्ग तुम्ही शोधलात. बत्तीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत घालवलेल्या माणसासमोर अशी पळवाट काढायला धैर्य लागते, आणि धैर्य तुमच्या अंगी आहे असे मी कधीच मानले नव्हते. तेवढ्या बाबतीत माझे मत चुकले असावे. बाकीच्या बाबतींत ते कायम आहे.

तुमच्या जाण्याची बातमी वनिता ठाकूरने आपल्या ‘ठोकळेकर’ समूहावर टाकली. दुपारपर्यंत तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. तेच दोन शब्द, तेच जोडलेले हात. प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून स्वतःच्या कल्पनेने काही उभारायचे, त्याचे फोटो समूहावर ठेवायचे आणि इतरांनी त्यावर अभिप्राय द्यायचा, एवढ्यासाठी एकत्र आलेली ही प्रौढ माणसे. फोटोतल्या ठोकळ्यावरची एक खुंटी रिकामी राहिली तरी यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल यांना दोनपेक्षा जास्त शब्द सुचू नयेत! आपल्या अभिप्राय नियमावलीचे दुसरे कलम, जे मी लिहिले आहे, स्पष्ट सांगते की निव्वळ स्तुतिपर शब्द हा अभिप्राय धरला जाणार नाही. मी तिथेच सर्वांना त्या कलमाचे स्मरण करून दिले. पाच मिनिटांत वनिताचा फोन आला.

"काका, मानूस गेलाय. आज तरी कलम नको."

"आजच हवे. उद्या कोणाला आठवणार आहे?"

"तुमी काय लिवनार मग?"

"खरे."

ती म्हणाली, "जरा दमानं लिवा."

दमाने लिहितो आहे. हा तिसरा मसुदा आहे. पहिले दोन तुमच्या बाजूने जरा जास्तच कललेले होते, म्हणून फाडले.

मी या समूहात कसा आलो, हे तुम्ही सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगत होता; तेव्हा एकदा लेखी नोंदवतो. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहीत असे. गटाराचे झाकण, सोसायटीची लिफ्ट, पदपथावर ठेवलेली कुंडी, कोणताही विषय मला वर्ज्य नव्हता. एका वाढदिवसाला माझ्या मुलीने ठोकळ्यांचा मोठा डबा आणून पुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे जोडा. निदान याचं उत्तर कुणाला द्यावं लागत नाही." डबा मी दोन महिने उघडला नाही. मग कुठेतरी वाचले की या छंदात ‘बेकायदा जोड’ अशी एक संज्ञा आहे. ठोकळा ज्या रीतीने बसण्यासाठी घडवलेला नाही, त्या रीतीने तो तिरका करून, दाबून, दोन खुंट्यांच्या फटीत कोंबून बसवला तर बसतो, मात्र आतून ताणला जातो. बाहेरून काही कळत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, त्या जागी पांढरी रेघ उमटते आणि नंतर तडा जातो. आयुष्यभर मी असे कायदे हाताळले, जे मोडणाऱ्याचे कधी काही बिघडले नाही. इथे कायदा त्या प्लास्टिकच्या आतच होता. त्याला ना तपासणी अधिकारी लागत होता, ना तारीख. मी त्याच दिवशी समूहाचा सदस्य झालो आणि महिन्याभरात नियमावलीचा मसुदा सादर केला.

आणि त्या समूहात तुम्ही होता. बबन औटी, कांद्याचे अडते, मूळचे जुन्नरकडचे. कोणाचीही, कसलीही रचना असो, तिच्याखाली तुमचा एकच शेरा असे: ‘एक नंबर’. देवळाला एक नंबर, अग्निशमन केंद्राला एक नंबर, मान मोडल्यासारख्या दिसणाऱ्या जिराफाला एक नंबर. एका सदस्याच्या हातून डबा उपडा झाला आणि त्याने टेबलावर सांडलेल्या ढिगाचा फोटो टाकला. त्यालाही तुम्ही ‘एक नंबर’ दिलात. बाकीचे हसले. मी हसलो नाही. सगळ्यांना सारखाच शेरा देणारा माणूस काही पाहतच नाही, असे मी तिथे लिहिले. त्यावर तुम्ही अंगठा दाखवलात.

तुमच्या स्वतःच्या रचनांविषयी मृत्यूनंतर तरी कोणी खरे बोलले पाहिजे. त्या भिकार होत्या. दर वेळी कांद्याचा ट्रक. चाके फिरत नसत, दरवाजे उघडत नसत, मागच्या हौद्यात गोणी म्हणून रचलेले तपकिरी ठोकळे उभ्या ट्रकमधूनही घरंगळत. चालकाच्या जागी तुम्ही एक लाल ठोकळा ठेवत होता आणि "हा आमचा शिवा" असे सांगत होता. ‘ही रचना नसून हट्ट आहे’ असा अभिप्राय मी दिला. तुम्ही उत्तर दिलेत: ‘साहेब, एक नंबर लिहिलंत.’

तुमचा खरा धंदा मला पहिल्या प्रत्यक्ष बैठकीत कळला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या सभागृहात सगळे आपापल्या रचना खोक्यांतून घेऊन येतात. वनिताने मासेमारीची होडी आणली होती. तिच्या आजोबांच्या अशा दोन होड्या खाडीवर होत्या; आता घराच्या जागी चार मजली इमारत आहे आणि ती भाडेकरूंना सांभाळते. तुम्ही त्या होडीपुढे उभे राहिलात, डोळे मिटलेत आणि बोटांनी ती पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चाचपलीत. मग खिशातून मोठा चौकटीचा रुमाल काढलात, तिच्या नि तुमच्या हातावर टाकलात आणि तिच्या कानाशी एकच शब्द बोललात. रुमालाखाली काही हलले. वनिता खो खो हसत सुटली.

"अगो बाई, इतकी वाईट?"

तुम्ही रुमाल घडी करून खिशात ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालात, "एक नंबर!"

मी वनिताला बाजूला घेऊन खुलासा मागितला.

"काका, बबनदादांच्या वडलांच्या टायमाला कांद्याचा भाव असाच ठरायचा. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. जेवढी बोटं तेवढा आकडा. पाचाच्या वर असंल तर आधी अख्खा पंजा धरायचा, सोडायचा, मग वरची बोटं. आनि एकं का दहं, ते तेवढं तोंडानं सांगायचं, कानात. मला म्हनाले ‘एकं’ आनि चार बोटं धरली. म्हंजे शंभरातले चार मार्क!"

"आणि ‘दहं’ म्हणाले असते तर?"

"तर चाळीस. पास नसते का झाले!"

"आणि तुला याचा राग येत नाही?"

"राग कनाला? नाळ चुकलीय, ते मला बी ठाव हाय. बोट तितंच ठेवलं त्यांनी. कुनाला दिसलं का? नाय दिसलं."

त्या दिवशी आपला पहिला वाद झाला. मी म्हणालो की अभिप्राय उघड आणि लेखी असला पाहिजे, पहिलेच कलम आहे. रुमालाखालून दिलेले मत आणि टेबलाखालून दिलेली वस्तू यांत मला फरक दिसत नाही. तुम्ही ऐकून घेतलेत.

"साहेब, चारचौघांत चार मार्क सांगितले असते तर ती होडी परत कधी आणली असती का तिनं?"

"नसती आणली तर एक वाईट होडी कमी झाली असती."

"आणि एक माणूस."

"हा बाजार नाही, औटी."

"बाजारात बी एवढ्या वरनं गोणी आदळत नाही हो आम्ही, जेवढ्या वरनं तुम्ही अभिप्राय लिहून टाकता. हात द्या. तुमच्या कोर्टाचे बी सांगतो."

मी न्यायालयाची खोली बांधून आणली होती. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. तुम्ही रुमाल खिशात ठेवलात आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "एक नंबर." मला आयुष्यात अनेकांनी शिव्या दिल्या आहेत. इतकी सभ्य कोणी दिली नव्हती.

मग इम्तियाज मुकादमांचे प्रकरण. ते करंजाड्याला राहतात, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी एक प्रवासी लाँच बांधली होती. त्यांचे वडील तसली लाँच चालवत. मी फोटो मोठे करून दोन दिवस पाहिले आणि बावीस हरकती क्रमवार लिहून समूहावर टाकल्या. कठड्याची उंची, शिडीची दिशा, सुकाणूघराच्या खिडक्या, तीन ठिकाणी बेकायदा जोड. त्या संध्याकाळी इम्तियाजांनी एक फोटो टाकला. पिशवीत भरलेले सुटे ठोकळे. खाली लिहिले होते: ‘हरकती मान्य. रचना रद्द.’

मी खाली लिहिले: ‘नोंद घेतली.’

ते दोन शब्द लिहिताना मला समाधान वाटले होते. हे मी आज इथे लिहितो, कारण नियमावली सर्वांना लागू आहे.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपल्यावर तुम्ही करंजाड्याला गेलात, बोलावणे नसताना, आणि मुकादमांच्या घरी बसून त्यांच्या हातावर रुमाल टाकलात. ‘दहं’ म्हणालात आणि पंजा धरून वर दोन बोटे. सत्तर. पुढच्या बैठकीला ते नवी लाँच घेऊन हजर. मी तुम्हाला सोसायटीच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर गाठले.

"मी बावीस हरकती घेतल्या आणि तुम्ही त्याच रचनेला सत्तर गुण दिलेत? ती मोडलेली होती!"

"मोडली होती म्हणून तर गेलो. उभी असती तर कशाला जातोय एवढ्या लांब."

"माझ्या हरकती चूक होत्या?"

"नाही."

"एक तरी?"

"एकबी नाही, साहेब."

"मग?"

तुम्ही ग्लासातला चहा संपवलात. "त्यांच्या बापाची लाँच होती ती. तुम्ही बापाला बावीस भोकं पाडली."

त्यावर मी म्हणालो की तुम्ही खोटारडे आहात. सर्वांसमोर एक भाव आणि आत दुसरा, ही लबाडी आहे. तुम्ही टपरीवाल्याला दोघांचे पैसे दिलेत आणि गेलात. इथे एवढेच नमूद करतो की मुकादमांच्या दुसऱ्या लाँचमध्ये माझ्या बावीसपैकी एकोणीस हरकतींची पूर्तता झालेली होती. मला त्यांनी साधे ‘आभारी आहे’ म्हटले नाही. तुम्हाला ते ‘भाईजान’ म्हणत.

त्यानंतर मी वाशी-मानखुर्दचा खाडीपूल ठोकळ्यांतून बांधायला घेतला. उद्देश सरळ होता: जिच्यावर एकही हरकत घेता येणार नाही अशी एक रचना या समूहात असावी, आणि ती माझी असावी. मला अकरा महिने लागले. खांबांची ठेवण पाहण्यासाठी एका रविवारी दुपारी मी वाशीच्या बाजूला खाडीकाठी गेलो, तर तुम्ही तिथे आधीच उभे. वनिताने सांगितले असणार. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खारे शेंगदाणे. तीन तास तुम्ही माझ्या डोक्यावर छत्री धरलीत, मी सांगेन तो आकडा पाठ करून ठेवायचे कबूल केलेत आणि प्रत्येक वेळी विसरलात.

"साहेब, पूल बघायला आलोय का त्याच्यावर खटला भरायला?"

"खांब मोजा."

"मोजले की. बरेच हायेत."

ओहोटी होती, चिखलाला वास येत होता, आणि मी हसलो. तुम्ही ते पाहिलेत. त्या दुपारी तुम्ही एक शेंगदाणा दोन बोटांत धरून, डोळे मिटून, आतला दाणा खवट आहे असे सांगितलेत, आणि तो खवट निघाला. "गोणी बी न उघडता सांगतो," असे म्हणालात. हे मी विसरायला नको होते. त्या तीन तासांबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानतो, ते स्वीकारण्यास तुम्ही उपलब्ध नाही, हा तुमचा दोष आहे.

आता मुख्य मुद्दा. तो मी तीन मसुद्यांत पुढे ढकलत आलो.

पुलाचा तिसरा खांब मला जमला नाही. तळाचा उतार दाखवताना त्या एका खांबाची उंची अशी आली की कोणताच ठोकळा नेमका बसेना. बैठक दोन दिवसांवर होती. खांब नीट करायचा तर वरचा सगळा भाग उतरवावा लागला असता. मी एक चपटी पट्टी घेतली, ती उभी केली आणि अंगठ्याने जोर लावून दोन खुंट्यांच्या फटीत कोंबली. बसली. तिच्यावर मी चार गुळगुळीत करड्या फरश्या लावून टाकल्या. बेकायदा जोड, बबनराव. ज्या एका कारणासाठी मी लोकांच्या रचना नाकारल्या, त्यांना अपमानित केले, पिशवीत भरायला लावल्या, ते मी स्वतः केले आणि वर फरशी बसवली.

बैठकीत पूल दोन टेबले जोडून मांडला होता. सर्वांनी कलमानुसार लेखी, मुद्देसूद अभिप्राय दिले आणि हरकत एकही नव्हती. मग तुम्ही आलात. ट्रकचे खोके खाली ठेवलेत. डोळे मिटलेत आणि वाशीच्या टोकापासून दोन्ही हात पुलावरून सरकवू लागलात. पहिला खांब. दुसरा खांब. तिसऱ्यावर तुमचे हात थांबले. तुमचा उजवा अंगठा त्या फरश्यांवर होता. तो तिथे किती वेळ होता हे मी सांगू शकत नाही. मग तुम्ही पुढे गेलात, मानखुर्दच्या टोकापर्यंत, आणि डोळे उघडून सरळ माझ्याकडे आलात.

"साहेब, हात द्या."

तुमचा हात रुमालासाठी खिशाकडे गेला होता. मी म्हणालो, नाही. जे बोलायचे ते सर्वांसमोर, मोठ्याने. तुम्ही म्हणालात, "साहेब, ऐका तरी." आणि मी सुरू झालो. काय बोललो त्याची नोंद कोणी ठेवली नाही, पण मला ते शब्दशः आठवते. तुम्ही भित्रे आहात, असे मी म्हणालो. अंधारात भाव करणारे, चारचौघांत गोड बोलून आत माणसे विकत घेणारे. तुमचा ‘एक नंबर’ हा या समूहाला जडलेला रोग आहे. ज्याला ट्रकची चार चाके फिरती करता येत नाहीत त्याने दुसऱ्याच्या पुलाला हात लावू नये. आवाज सभागृहाबाहेर गेला; सोसायटीचा रखवालदार डोकावून गेला. आणि माझे बोलणे चालू असताना तुम्ही रुमाल खिशातच राहू दिलात, पुढे झालात आणि सगळ्यांच्या देखत माझा उजवा हात उघड्या हाताने धरलात. दाबलात, सोडलात, पुन्हा धरलात. बिथरलेल्या बैलाला थोपटावे तसे तुम्ही मला थोपटता आहात, असे मला वाटले. मी हात हिसकावला आणि बोलत राहिलो. तुम्ही ट्रकचे खोके उचललेत आणि गेलात. त्या दिवशी तुम्ही कोणालाच ‘एक नंबर’ म्हणाला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो आणि नोटीस पोचपावतीसह पाठवली. माझ्या रचनेवर आपण अद्याप कोणताही अभिप्राय दिलेला नाही, सबब पंधरा दिवसांच्या आत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले सदस्यत्व रद्द करण्याचा ठराव मांडण्यात येईल. तिचा मसुदा चांगला होता.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या घरी वाशीला भेटायला आलो. वनिताची गाडी, मी आणि मुकादम. वहिनींना मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी माझे नाव विचारले नाही.

"तुम्हीच का ते पत्रवाले साहेब?"

मी होय म्हणालो. त्या आत गेल्या आणि नोटीस घेऊन आल्या. चौकोनी घड्या पडून ती रुमालासारखी मऊ झाली होती. तुमच्या सदऱ्याच्या खिशात मिळाली म्हणाल्या.

"गाळ्यावर ज्याला त्याला वाचून दाखवायचे. हमालांना बोलावून बोलावून. ‘बघा, आमचा साहेब कसलं मराठी लिहितो,’ म्हणायचे. मी म्हणलं, अहो, मग उत्तर द्या की त्या माणसाला, एवढं मागतोय तर. तर म्हणले, ‘उत्तर तर देऊन बसलोय. त्यांच्याच नियमानं दिलंय, रुमाल न टाकता.’"

वहिनींना त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी चहा आणला. मी तो प्यायलो की नाही, आठवत नाही.

खाली गाडीत बसल्यावर वनिता म्हणाली, "काका, हात दाखवा. कसं धरलं होतं?"

मी मुकादमांचा हात घेतला. माझ्या हाताला सगळे आठवत होते. मला आठवत नव्हते, एवढेच. आधी अख्खा पंजा. मग सोडला. मग अंगठा वगळून चार बोटे.

"पाच आणि चार," मुकादम म्हणाले. वर्गात बोलतात तशा आवाजात. "नऊ. म्हणजे नऊ तरी, नाहीतर नव्वद. काका, ते काय म्हणाले? एकं की दहं?"

मी वनिताकडे पाहिले. "तू जवळ होतीस."

"आमी सगली जवलच होतो, काका. पन तुमीच वरडत होते ना. आमाला तुमचाच आवाज येत होता."

मुकादमांनी माझा हात लगेच सोडला नाही. त्यांना सोडता आला असता. नोंद घेतली, असे त्यांनी म्हणायला हवे होते. त्यांचा तो हक्क होता.

काल मी तिसऱ्या खांबावरच्या चार फरश्या काढल्या. पट्टीवर पांढरी रेघ उमटली आहे. समूहाच्या सर्व सदस्यांना या पत्राद्वारे कळवतो की खाडीपुलात बेकायदा जोड आहे, तो मी जाणूनबुजून केला आणि लपवला. सबब ती रचना मी मागे घेत आहे. यावर ज्याला जो अभिप्राय द्यायचा आहे त्याने तो उघडपणे द्यावा. बावीस हरकतींची मर्यादा नाही.

पण माझ्या प्रश्नाचा निकाल त्याने लागत नाही, बबनराव. तुमच्या अंगठ्याला तो जोड कळला असेल तर नऊ. कळला नसेल तर नव्वद. इतके सरळ असते तर मी झोपलो असतो. मोडलेल्या लाँचला तुम्ही सत्तर दिले होते. तो जोड कळूनही, फरश्यांखाली काय आहे हे पूर्ण जाणूनही, तुम्ही मला नव्वद दिले असतील, ही तिसरी शक्यता आहे. बाकीच्या दोन मी सहन करू शकतो. ही सहन होत नाही. आणि ती खरी असावी असे मला फार वाटते, हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

नोटीस बिनशर्त मागे घेत आहे. उत्तर ती पाठवण्यापूर्वीच, उघडपणे, साक्षीदारांसमक्ष, माझ्याच नियमाप्रमाणे मिळालेले होते. ती पाठवण्यास कारणच नव्हते. तुमचा चेहरा माझ्या कानाजवळ आला होता आणि तुमचे ओठ हलले होते, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. शब्द एकच होता.

मी त्या वेळी बोलत होतो.